भूकंपानंतर औषधांच्या पिशव्या नकोत, पैसे पाठवा

कुठेही मोठा भूकंप झाला की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज येतोच, "घरात उरलेली औषधं गोळा करू, कुणीतरी तिकडे पोचवेल." माझं मेडिकल आहे त्यामुळे सगळे आधी मलाच विचारतात. मदत करायची तळमळ अगदी खरी असते, पण माझं उत्तर दरवेळी एकच, औषधं नकोत, पैसे द्या. का ते एकदा नीट लिहून ठेवते.

डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून ५००० टनांच्या आसपास औषधं आणि सामान आलं. ते नुसतं निवडायला ५० माणसं सहा महिने राबत होती! पटकन ओळखता येईल असा माल ३० टक्केच, काही मुदत संपलेला, काही थंडीनं खराब झालेला. जखमी बाहेर ताटकळतायत आणि हाताशी असलेली माणसं खोकी फोडत बसलीयत, विचार करा. म्हणून तर पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं नियम केले, पेशंटनी परत केलेल्या गोळ्या द्यायच्या नाहीत, औषध तिथे पोचेल तेव्हा निदान वर्षभराची मुदत शिल्लक पाहिजे, लेबलवर जेनेरिक नाव, म्हणजे कंपनीच्या ब्रँडचं नाही तर मूळ औषधाचं नाव पाहिजे. आपल्या घरातली अर्धी स्ट्रिप या नियमांत बसत नाही.

मग लागतं काय? सुरुवातीला हाडांची ऑपरेशनं, रक्त, भूल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किडनी वाचवणं. हे लोकांना माहीतच नसतं. पाय ढिगाऱ्याखाली तासन् तास दबलेला असतो, माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो, आणि वरचा दगड काढला की कधी कधी थोड्याच वेळात दगावतो. दबलेल्या स्नायूंमधलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय बंद पडू शकतं, आणि त्यातून वाचला तरी स्नायूंमधून सुटलेल्या प्रथिनामुळे किडनी निकामी होऊ शकते. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. म्हणून शक्य असेल तर माणूस आत असतानाच सलाइन सुरू करतात, तेही साधं नॉर्मल सलाइन, रिंगर लॅक्टेट नावाचं दुसरं सलाइन नाही कारण त्यात पोटॅशियम असतं. म्हणजे बघा, सलाइनच्या बाटल्या पाठवायच्या तरी कुठल्या हे तिथल्या डॉक्टरनंच सांगायला हवं. १९९९ च्या तुर्कस्तानातल्या मारमारा भूकंपात किडनीचा त्रास झालेले ६३९ रुग्ण नोंदले गेले आणि त्यातल्या ४७७ जणांना डायलिसिस लागलं. डायलिसिसची मशीन, ती चालवणारा टेक्निशियन, स्वच्छ पाणी, हे पिशवीत भरून नाही पाठवता येत.

फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात तुर्कस्तानातच इस्केंदेरून शहरातल्या सरकारी दवाखान्याची इमारत कोसळली, म्हणजे जिथे जखमींना न्यायचं तेच गेलं. आपल्या लष्कराच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल या वैद्यकीय तुकडीनं तिथे जाऊन ३० खाटांचा दवाखाना उभा केला, एक्सरे, व्हेंटिलेटर, ऑपरेशन थिएटर सगळं सोबत नेलेलं, आणि साडेतीन हजारांच्या आसपास लोकांवर उपचार केले. मला याचा फार अभिमान वाटतो. सीमेपलीकडे वायव्य सीरियात मात्र बाहेरची मदत पोचायलाच काही दिवस गेले, तिथे आधीपासून काम करणारे स्थानिक डॉक्टर आणि संस्था होत्या म्हणून काही लोक तरी वाचले. म्हणून मी म्हणते की आधीपासून तिथे असलेल्यांना द्या.

मी उमरग्याकडची, किल्लारीच्या भूकंपाच्या भागातली, त्यामुळे हा विषय आमच्या घरचाच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, आणि दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचं माळवद अंगावर आलं. किल्लारी, सास्तूर, आजूबाजूची कितीतरी गावं. पहिल्या आठवड्यात कपडे आणि धान्याचे ट्रक आले, खूप माणसं आली, आम्ही ते विसरलो नाही. पण मणक्याला मार लागलेल्याला उठून बसायला महिनोन् महिने लागतात, आणि भीती तर वर्षानुवर्षं जात नाही, नवीन पक्कं घर मिळूनही कितीतरी लोक पुढे पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचे. सास्तूरचं स्पर्श रुग्णालय भूकंपानंतरच उभं राहिलं आणि आजूबाजूच्या गावांच्या बायकांची बाळंतपणं तिथे होतात. मदत म्हणजे मला हे वाटतं, बातम्या थांबल्यावरही चालू राहणारी.

तर आता ग्रुपवर कुणी विचारलं तर एवढंच सांगा. आधीपासून त्या भागात दवाखाना चालवणारी संस्था शोधा, रेड क्रॉस असेल, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स असेल, तिथली एखादी स्थानिक असेल. पैसे द्या आणि अमुकच गोष्टीसाठी वापरा अशी अट घालू नका. एकदम पाच हजार देण्यापेक्षा वर्षभर दरमहा चारशे जमत असतील तर ते द्या, कारण फिजिओथेरपी आणि कृत्रिम पायांचा खर्च सहा महिन्यांनी सुरू होतो, तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. आणि लिंक फॉरवर्ड करायच्या आधी ती संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन तपासा, अशा वेळी खोटे क्यूआर कोड फार फिरतात. घरातली उरलेली औषधं माझ्याकडे आणून द्या, मुदत बघून कुठली फेकायची आणि कशी ते मी सांगते.