ब्युनोस आयर्स पायी: रिवादाविया रस्ता, काँग्रेस ते फ्लोरेस

प्लासा दे मायो हा मुख्य चौक ते काँग्रेस, म्हणजे अर्जेंटिनाची संसद, हा पहिला टप्पा आधीच्या नोंदीत आला आहे. आता दुसरा. सुरुवात रिवादाविया 1864, म्हणजे काँग्रेसची इमारत. शेवट 6950, म्हणजे सान होसे दे फ्लोरेस हे चर्च. अंतर जवळपास सात किलोमीटर. सिग्नल, कॉफी आणि रेंगाळणं धरून तीन तास हाताशी ठेवावेत.

या शहरात फोनपेक्षा दारावरचे आकडे जास्त कामाचे. प्रत्येक चौकाला आकडा शंभराने पुढे जातो, मधे दारं कितीही असोत. पूर्व-पश्चिम रस्त्यांचे आकडे नदीकडून सुरू होतात. उत्तर-दक्षिण रस्त्यांचे आकडे रिवादावियापासून सुरू होतात आणि दोन्ही बाजूंना वाढत जातात. म्हणून शहराची शून्य रेघ हीच. काय्याओ 1100 असा पत्ता दिसला, की रिवादावियापासून अकरा चौक उत्तरेला, एवढं जागच्या जागी कळतं. कोपऱ्यावरच्या निळ्या-काळ्या पाटीवर त्या चौकाचे आकडेही लिहिलेले असतात, तेव्हा दार शोधत बसायची गरज नाही.

एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतच्या तुकड्याला तिथे क्वाद्रा म्हणतात आणि ‘एक क्वाद्रा म्हणजे शंभर मीटर’ असं सर्रास सांगतात. पायी चालणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो. 1580 च्या आखणीत चौकोन 140 वारा लांब आणि रस्ता 11 वारा रुंद धरला होता. वारा म्हणजे साधारण 87 सेंटीमीटर. दोन्ही मिळून एका क्वाद्रामागे 130 मीटरच्या आसपास अंतर पडतं. या टप्प्यातल्या 51 क्वाद्रांना शंभराने गुणलं तर पाच किलोमीटर निघतात, पायाखालून जातात पावणेसात. त्यामुळे आठ क्वाद्रा म्हणजे एक किलोमीटर, असंच धरून चालावं.

दुसरी अडचण नावांची. उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता रिवादाविया ओलांडताना नाव बदलतो. उत्तरेला काय्याओ, दक्षिणेला एन्त्रे रिओस. तसंच पुएर्रेदोन आणि हुहुई, मेद्रानो आणि कास्त्रो बार्रोस, आकोइते आणि होसे मारिया मोरेनो, बोयाका आणि काराबोबो, नास्का आणि सान पेद्रितो. कोणाला भेटायचं असेल तर दोन्ही नावं पाठवावीत. नुसतं ‘मेद्रानोच्या कोपऱ्यावर’ म्हटलं, तर मेट्रोतून वर येणारा माणूस कास्त्रो बार्रोस या स्टेशनावर उतरलेला असतो आणि त्याला मेद्रानो कुठेच दिसत नाही.

मेट्रोला तिथे सुब्ते म्हणतात. या टप्प्याचा मोठा आधार म्हणजे तिची ‘ए’ लाइन. ती 1913 साली सुरू झाली, दक्षिण अमेरिकेतली पहिली, आणि आज सान पेद्रितोपर्यंत याच रस्त्याखालून धावते. दमलात की उतरा खाली आणि परत फिरा. खिशात सुबे, म्हणजे भाड्याचं रिचार्ज कार्ड, असलेलं बरं. फक्त पास्को आणि अल्बेर्ती या दोन स्टेशनांचा भरवसा धरू नये, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकात एकाच दिशेच्या गाड्या थांबतात. परतायचं तर काँग्रेसो किंवा प्लासा मिसेरेरे गाठावं. आणखी एक गंमत: अर्जेंटिनात 1945 पर्यंत वाहतूक डावीकडून होती. रस्ता उजवीकडे गेला, सुब्ते अजून डावीकडूनच धावते. आपल्याला खाली घरच्यासारखं वाटतं आणि वर आलं की मान चुकीच्या बाजूला वळते. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं.

आडवे रस्ते बहुतेक एकेरी, पण त्यांच्या कडेची सायकल लेन बऱ्याच ठिकाणी दुहेरी असते. धोका गाडीपेक्षा या लेनचाच जास्त, कारण तिकडे कोणी बघतच नाही. झेब्रा क्रॉसिंगवर वळणारी गाडी थांबेल हे गृहीत धरू नये. इमारतींचे कोपरे तिरपे कापलेले असतात (त्याला ओचावा म्हणतात), त्यामुळे येणारं वाहन निदान आधी दिसतं.

फुटपाथच्या फरशा सुट्या असतात. पाऊस थांबून तास-दोन तास झाले तरी खाली पाणी साचलेलं असतं. कडेवर पाय पडला की पिचकारी थेट पोटरीवर. ओली फरशी डुगडुगती दिसली तर मधोमध पाय ठेवावा, किंवा वळसा घालावा. कॅनव्हासचे बूट अशा दिवशी बादच समजा.

उन्हाचं गणित उलटं आहे. दुपारी सूर्य उत्तरेला असतो, तेव्हा सावली उत्तरेकडच्या फुटपाथवर, तिथल्या इमारतींच्या पायाशी सापडते. घड्याळात एक वाजायला आला, की सूर्य खरा डोक्यावर. रिवादाविया पश्चिमेकडे जाताना थोडी दक्षिणेला झुकते. डिसेंबर-जानेवारीत मावळतीचा सूर्य नेमका त्याच दिशेला उतरतो. म्हणून उन्हाळ्यात हा टप्पा सकाळी करावा, ऊन पाठीवर राहतं. संध्याकाळीच जमणार असेल तर फ्लोरेसहून उलटं यावं.

प्लासा मिसेरेरेचा परिसर, म्हणजे ओन्से, गर्दीचा. तिथे फोन बाहेर काढायचा तर फुटपाथच्या कडेला नको, भिंतीला पाठ लावून. अंगावर काहीतरी सांडलं आणि अनोळखी माणूस पुसायला धावला, तर आभार मानून चालू पडा, पुसणं नंतर. याच चौकात अर्जेंटिनाचा पहिला अध्यक्ष बेर्नार्दिनो रिवादाविया याचं स्मारक-थडगं आहे, घाईत बहुतेक जण ते न बघताच पुढे जातात.

बसायला सगळ्यात चांगली जागा 3899 वर: लास विओलेतास, 1884 पासूनचं कॅफे, रंगीत काचांचं. कॉफीबरोबर छोटा ग्लास सोडा येतो, आणि स्वच्छतागृहाची सोयही तिथेच उरकते. पुढे 4800 च्या आसपास पार्के रिवादावियात जुन्या पुस्तकांचे स्टॉल, मग 5430 ला मेर्कादो देल प्रोग्रेसो ही मंडई. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घेत जावी.

शाकाहारी मंडळींनी पिझ्झाच्या दुकानात फाइना मागावी. ती हरभऱ्याच्या पिठाची, म्हणजे आपल्या बेसनाच्या पोळ्याची जाडजूड भट्टीतली बहीण. एम्पानादात (करंजीसारखा भरलेला पदार्थ) उमिता (मका) किंवा चीज-कांदा मिळतो, पण पारीत चरबी आहे का हे विचारावं. मेदियालुनास (चंद्रकोरीच्या आकाराचे छोटे पाव) घेताना ‘दे मान्तेका’ म्हणजे लोण्याच्या, ‘दे ग्रासा’ म्हणजे चरबीच्या. रात्रीचं जेवण नऊच्या आधी सहसा मिळत नाही.

तिसरा टप्पा फ्लोरेस ते हेनेराल पास, म्हणजे शहराच्या हद्दीवरचा हमरस्ता, साधारण सहा किलोमीटर. सान पेद्रितोनंतर ‘ए’ लाइन संपते, मग आधार सार्मिएन्तो रेल्वेचा: फ्लोरेस्ता, विय्या लुरो, लिनिएर्स. स्टेशनांमधली अंतरं मोठी आहेत, म्हणून परतीचं स्टेशन निघण्याआधीच ठरवून घ्यावं.