तळघराच्या पायऱ्या

आत्या काल परत गेली. एअरपोर्टवरून परत आल्यापासून तिचं एकच वाक्य डोक्यात घोळतंय. "अगो, सात वर्षं कोपनहेगनात राहतेस आणि हे कधी खाल्लंच नाहीस?"

सहज बोलली ती, तोंडात हेरिंग माशाच्या स्मोरब्रोदचा घास असताना (म्हणजे राय नावाच्या धान्याच्या काळ्या ब्रेडवर लोणी आणि वर मासे नाहीतर मांस). टोमणा नव्हता, आत्याला टोमणे जमतच नाहीत. म्हणूनच जास्त लागलं असेल.

हाउसर प्लास चौकातल्या शोनेमान रेस्टॉरंटला गेलो होतो आम्ही. १८७७ पासूनचं आहे ते, रस्त्यावरून पायऱ्या उतरून खाली जायचं, बाजारात माल घेऊन येणारे शेतकरी तेव्हा तिथे जेवायचे आणि जमिनीवर वाळू अजूनही पसरतात. फक्त दुपारचंच असतं, जागा आधी धरून ठेवावी लागते, तीही आत्याने हट्ट धरला म्हणून धरली. या पायऱ्यांवरून मी किती वेळा गेलेय, नोरेपोर्ट स्टेशनला उतरलं की तो रस्ता पायाखालचाच. एकदाही खाली उतरले नाही.

का नाही उतरले, हेच कालपासून शोधतेय.

महाग आहे म्हणून, असं आत्याला सांगितलं. एका स्मोरब्रोदला शंभराच्या वर क्रोनर जातात हे खरंच आहे. पण मग तोर्वेहालर्नच्या बाजारात काउंटरवर मांडलेले असतात ते तरी कुठे घेतले? स्लॉत्सकेलरन रेस्टॉरंटला तर टेबलावर सगळं मांडलेलंच असतं, आपण बोट दाखवायचं, नाव घ्यायचीसुद्धा गरज नाही (स्मोरब्रोदमधला शेवटचा द धड द नाही, धड ल नाही, माझ्या जिभेला अजून येत नाही). १७९७ पासून लोक तिथे येऊन जेवतायत आणि मी पार्लमेंटच्या बाजूने सायकल मारत पुढे.

पहिल्या वर्षी ऑफिसातल्या एकीने विचारलं होतं, आम्ही सगळे लंचला चाललोय, पण तिथे मासे आणि डुक्करच असतं, तुला चालेल ना? मी पटकन म्हटलं नको, डबा आणलाय. मासे चालतात की मला, रत्नागिरीची मी. पण हे काट्याचमच्याने खायचं, का हाताने उचलायचं, आधी काय, नंतर काय, काहीच माहीत नव्हतं आणि सगळ्यांसमोर चुकायचं नव्हतं. पुन्हा कोणी विचारलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मला वाटायचं की मला कोणी बोलवत नाही.

आत्याने काय केलं? वाढणाऱ्या बाईला आपल्या इंग्लिशमध्ये सरळ विचारलं, फर्स्ट व्हॉट? ती बाई खूश झाली, बसून सांगावं तसं तिने सांगितलं. आधी हेरिंग, मग बाकीचे मासे, मग मांस, शेवटी चीज. सुरीकाट्याने खायचं, वर दुसरा ब्रेड नसतोच. त्या काळ्या ब्रेडवर हे जाड लोणी, त्यावर व्हिनेगर-साखरेत मुरवलेला मासा आणि कच्चा कांदा. आत्या म्हणाली, हे तर लोणच्यातलं मासं गो! मग करीसिल्ड आला, पिवळ्या करी मेयोनीजमधला हेरिंग, त्याच्याकडे तिने बराच वेळ बघितलं आणि सगळा संपवला. मी तिला सांगितलं की पूर्वी शेतावरचे, कारखान्यातले लोक ब्रेडच्या तुकड्यावर उरलंसुरलं ठेवून न्यायचे. ती म्हणाली, मग भाकरीच की, हातावर भाकरी आणि वर कांदा-चटणी.

आईला पण हे आवडलं असतं. तिचं तिकीट... जाऊ दे.

काल रात्री खूप रडू आलं, सात वर्षं मी इथे पाहुण्यासारखी काढली असं वाटून. सकाळी सहाला नेहमीसारखी उठले, मुक्ताच्या डब्यासाठी रूब्रोद, म्हणजे तोच काळा ब्रेड, कापला, लोणी लावलं, एकावर लिव्हरपोस्टाय (कलेजीची पेस्ट), एकावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, मेयोनीज आणि कुरकुरीत कांदा, दोन्हीमध्ये कागद घातला. हात आपोआप चालत होते. तिची शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी मी हेच करतेय आणि बटाट्याचा उरलेला तुकडा उभ्याउभ्या माझ्याच तोंडात जातो. म्हणजे कधी खाल्लंच नाही, असं नाही झालं. बसून नाही खाल्लं. आत्याला हे तेव्हाच सांगायला हवं होतं, सुचलंच नाही.

मगाशी तिचा मेसेज आलाय. "पोचले. गुडघा बरा. त्या पिवळ्या माशाची कृती मिळेल का बघ, इथे बांगड्याचं करून बघते."

उद्या ऑफिसातून येताना तोर्वेहालर्नला थांबणार आहे. काउंटरवरच्या बाईला विचारीन, आणि डॅनिशमध्येच विचारीन, तो शेवटचा द कसाही आला तरी.