'वा!'

रविवार, रात्री उशिरा

विरघळवायच्या बादलीत तेराच जणांची माती आहे. चौदावी काकू घरी घेऊन गेल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून. ते माझ्यामुळे. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या मागून जाताना माझ्या तोंडून 'वा!' निघालं. एवढंच.

शिबिरातल्या मातीच्या बैठकीत दाद द्यायची नसते. दहा मिनिटं मौन, मग पंचवीस मिनिटं डोळे मिटून हात मातीत. माणशी पाऊण किलो मळलेला शाडू, दोन्ही हातांत जेमतेम मावेल इतका. पाव किलो दिला की लोक बोटांनी कोरत बसतात आणि कासव, पणती, गणपती असलं ओळखीचंच काहीतरी होतं. गोळा जड असला की तळहात, मनगटं, खांदे सगळे कामाला लागतात आणि डोकं जरा गप्प बसतं. पाणी दोघांत एक वाटी, तेही स्पंज बुडवण्यापुरतं. जास्त ठेवलं की सारखा हात बुडतो, वर राडा होतो आणि आत माती तशीच घट्ट. डोळे उघडल्यावर विचारायचं, 'काय दिसतंय?' 'याचा अर्थ काय?' असं विचारलं की लोक शहाण्यासारखी उत्तरं देतात.

माती आदल्या रात्रीच मळून ओल्या फडक्यात ठेवली होती. वाट्या मोजून. आणि मग 'वा!'

लगेच दोन-तीन जणांचे डोळे किलकिले झाले. शेजारच्याने होतं ते मोडून नव्याने सुरुवात केली आणि चक्क नाक काढलं. तीन दिवस मौन सांभाळलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, एक अक्षर मात्र... जाऊ दे. ताई म्हणाल्या, "काय एवढं त्यात!" ताईंना कशातच काही एवढं वाटत नाही.

खरं तर काकूंचं काम काही विशेष नव्हतं. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या आणि त्या मला बघवेनात. आठ्या त्यांच्या, घाई माझी. थांबले असते तर कदाचित त्या आठ्याच मातीत उतरल्या असत्या. कदाचित नसत्याही.

आजचं विरघळवणं म्हणजे तर निम्मी बैठक. गणपतीमुळे आपल्याकडे ते कुणाला समजवावं लागत नाही. फक्त माती पूर्ण वाळलेली हवी. वाळलेली माती पाण्यात टाकली की बुडबुडे सोडत आपोआप सुटते, ओलसर राहिलेली मात्र तासन् तास ढेकूळ होऊन बसते. म्हणून पावसाळ्यात अंगठ्यापेक्षा जाड काही करू द्यायचं नाही, जाड झालंच तर मागून पोकळ करायचं. यंदा 'वा!'च्या गोंधळात तेही सांगायचं राहिलं. आत्ता बादलीत सहा ढेकळं आहेत. ते नाक अजून शाबूत आहे.

गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली, नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. ही गोष्ट दर शिबिरात शनिवारी सकाळी मीच सांगते, चांगली रंगवून. परवा ते थापटणं माझ्या डोक्यावर बसलं असतं तर बदबद आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला असता. नामदेव निदान नामदेव तरी होते!

काकूंच्या त्या मातीला एक हात होता, वर उचललेला. जोड लावताना दोन्हीकडे ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल भरावा लागतो. त्यांनी नुसता दाबून चिकटवला होता. वाळताना माती आकसते, तसा जोड सुटतो. उद्या-परवा हात गळून पडेल आणि त्या अर्थ लावत बसतील, गुडघेदुखीपासून पार मुलाच्या परदेशापर्यंत. सकाळी फोन करून सांगायला हवं, काकू, ते नुसते ओरखडे काढायचे राहिले होते.

पण फोन केला की आधी विचारतील, "खरंच छान झालं होतं ना गं?"