क्लिप कुठली देऊ?

गाडीचा पेट्रोल पाइप बदलायचा म्हटलं की सगळी चर्चा पाइपाची. जाळीचा घ्यावा की साधा, काळा की पारदर्शक. तो पाइप नळीवर घट्ट धरून ठेवणाऱ्या क्लिपेला कोणी विचारत नाही. दुकानदारानंच शेवटी विचारायचं, "क्लिप कुठली देऊ?" आणि गिऱ्हाइकानं म्हणायचं, "द्या कुठलीही."

नाशकात सारडा सर्कलच्या बाजूला स्पेअर पार्टच्या दुकानात उभं राहिलं की हा संवाद हमखास कानावर पडतो. गिऱ्हाईक 'सहाचा पाइप' मागतं. ते सहा मिलिमीटर म्हणजे आतलं माप. क्लिप बसते बाहेरून, आणि रबराची जाडी धरली तर तोच पाइप बाहेरून दहा-अकरा भरतो. मुरलेला दुकानदार आकड्यांच्या भानगडीत पडतच नाही. पाइपाचा तुकडा चिमटीत दाबून बघतो आणि कासारानं हात दाबून बांगडी काढावी तशी नेमकी क्लिप काढतो.

आपल्याकडे जीव आहे तो स्क्रूच्या क्लिपेवर. १९२१ साली लमली रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या माणसानं तिचं पेटंट घेतलं. जुने मिस्त्री अजून तिला 'जुबिली क्लिप'च म्हणतात. मोठ्या पाइपाला ती उत्तम. पण बोटाएवढ्या पाइपावर तिची पट्टी नीट गोल होत नाही. स्क्रूच्या घराखाली सपाट राहते, आणि गळायचं असेल तर पेट्रोल तिथूनच गळतं. मग "अजून आवळ". आवळलं की पट्टीच्या खाचांमध्ये रबर घुसतं आणि कापलं जातं. शिवाय 'स्टेनलेस' म्हणून विकलेल्या कित्येक क्लिपांची पट्टीच तेवढी स्टेनलेस असते, स्क्रू साधा. त्र्यंबकच्या पावसात दोन-चार चकरा झाल्या की तो गंजून बसतो. खिशात लोहचुंबक असेल तर स्क्रूला लावून बघावं, चिकटलं तर संशय घ्यावा. दुकानदाराला राग येतो, तो येऊ द्यावा.

गाडीबरोबर कारखान्यातून येते ती तारेची स्प्रिंग क्लिप दिसायला अगदीच गरीब. पकडीनं कान दाबायचे, सरकवायची, सोडायची. पण रबर एका मापाचं राहत नाही. नाशकात डिसेंबरच्या पहाटे ते आखडतं, मे महिन्यात इंजिनाशेजारी सैलावतं, वय झालं की चेपतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही. स्क्रू जिथे आवळला तिथेच थांबतो, स्प्रिंग मात्र रबराच्या मागे मागे जाते. टाकीतून नुसतं उतारानं पेट्रोल येणाऱ्या कार्बोरेटरच्या गाडीला माझं मत डोळे झाकून हिलाच.

कार्बोरेटरऐवजी दाबानं पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीचं गणित वेगळं. तिथे पंपाचा दाब साधारण तीन बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या तिप्पट, म्हणून पाइपही त्या दाबाचा लागतो. तिथे क्लिप हवी ती अखंड पट्टीची, कडा बाहेर वळवलेली. खाचा नाहीत, त्यामुळे रबर कापायचा प्रश्न नाही. बसवताना नळीच्या तोंडाच्या उंचवट्यामागे बसवायची. उंचवट्यावरच आवळून ठेवणारे महाभागही आहेत.

ऑइलचं काय? इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरला किंवा बिनदाबाच्या परतीच्या पाइपाला क्लिप चालते. दाबाच्या लाइनीला कंपनी बँजो बोल्ट (ज्याच्या पोटातूनच ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) आणि तांब्याचे वॉशर देते, ते उगाच नव्हे. तरी हौसेनं ऑइल कूलर बसवणारी पोरं "दोन चांगल्या क्लिपा द्या" म्हणत येतात. गरम ऑइलचा पाइप सुटला तर ते मागच्या टायरवर जातं, आणि पुढे कसारा घाट असतो. असं कोणी आलं की एक दुकानदार क्लिप विकतच नाही. "अंबडच्या एमआयडीसीत जा," म्हणतो, "हायड्रॉलिकचे पाइप प्रेस करून देतात ना, त्यांच्याकडून टोकं बसवून आण. पैसे जास्त घेतील. दे."