नव्या संगणकातील संथ हार्ड ड्राइव्ह : माझा अनुभव

राजारामपुरीतून सुटे भाग आणून मी घरीच नवा संगणक जोडला. विंडोज एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान ड्राइव्हवर) घेतले आणि लग्नांच्या चित्रीकरणाच्या मोठ्या फाइलींसाठी ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे घेणारी वेगळी हार्ड ड्राइव्ह बसवली. अशा ड्राइव्हला सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला १५० एमबीच्या पुढे वेग मिळतो. माझ्याकडे मात्र तो १० एमबीच्या आसपास रेंगाळायचा, मधूनच शून्यावर यायचा आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के व्यस्त दिसायची.

दुकानदारांचे म्हणणे, "साहेब, मोठ्या ड्राइव्ह अशाच चालतात." त्यांचा रोख एसएमआर पद्धतीच्या ड्राइव्हकडे होता. त्यांत तबकडीवरचे ट्रॅक, म्हणजे डेटा लिहिण्याचे गोल पट्टे, एकमेकांवर अंशतः चढवून लिहिलेले असल्यामुळे सतत लिहिताना वेग कोसळतो, हे खरे आहे. पण वाचताना तसे होत नाही, आणि माझी ड्राइव्ह वाचतानाही तितकीच अडखळत होती. त्यामुळे ते उत्तर मला पटले नाही.

ड्राइव्हची प्रकृती दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडल्यावर चित्र स्पष्ट होऊ लागले. खराब सेक्टर (तबकडीवरचे डेटा साठवणारे छोटे भाग) दाखवणाऱ्या ०५ आणि सी५ या दोन्ही नोंदी शून्य होत्या, म्हणजे तबकड्यांबद्दल तक्रार नव्हती. सी७ ही सीआरसी (डेटा पोहोचताना होणाऱ्या तपासणीतल्या) त्रुटींची नोंद मात्र प्रत्येक मोठ्या कॉपीनंतर वाढत होती. ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडला की ही नोंद एकाने वाढते आणि तोच डेटा पुन्हा पाठवावा लागतो. वेळ सगळा त्यात जातो. ट्रान्सफर मोडपुढे 'साटा/१५० | साटा/६००' असे दिसत होते. साटा ही ड्राइव्ह मदरबोर्डला जोडण्याची पद्धत; डावीकडचा आकडा जोडणीच्या चालू वेगाचा, उजवीकडचा ड्राइव्हच्या क्षमतेचा. म्हणजे जोडणी सर्वांत खालच्या पायरीवर उतरली होती.

संगणक बंद करून, वीज काढून कॅबिनेटचे मागचे झाकण उघडले, तेव्हा साटा केबल कनेक्टरला लागूनच काटकोनात मुडपलेली आणि झाकणाखाली दबलेली आढळली. सरळ तोंडाची, खटका असलेली नवी केबल सैल वळण देऊन बसवली आणि मदरबोर्डवरचा पोर्टही बदलला. दोन्ही आकडे ६०० झाले आणि वेग १८० एमबीपर्यंत गेला. ड्राइव्ह भरत जाते तसा तबकडीच्या आतल्या ट्रॅकवर तो कमी होत जाईल. तो बिघाड नव्हे.

सी७ची नोंद केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही. म्हणून त्या दिवशीचा आकडा मी लिहून ठेवला आहे आणि मोठी कॉपी झाली की ताडून पाहतो. अजून तो पुढे सरकलेला नाही.