एरंडेल वाढवलं आणि फेस गेला

साबणाच्या वर्गात लोक बिघडलेल्या वड्या घेऊन येतात, त्यात नवीन काही नाही. कुणाचा रंग उतरलेला असतो, कुणाच्या वडीला घाम फुटलेला असतो. पण त्या दिवशी काकूंनी डबा उघडला तेव्हा सगळा वर्ग टेबलाभोवती जमला. इतक्या देखण्या वड्या होत्या! कडा धारदार, पृष्ठभाग आरशासारखा, एकही बुडबुडा अडकलेला नाही.

काकू म्हणाल्या, ‘‘ताई, सगळे नावाजतात. वापरल्यावर मात्र एकच तक्रार. फेस येत नाही. प्रत्येक वेळी एरंडेल वाढवत गेले, तरी फेस आपला कमीच.’’

मी एक वडी ओल्या हातात घेऊन चोळली. हाताला साय लागल्यासारखं वाटलं, चिकट-मऊ. बुडबुडे थोडेसे आले आणि लगेच विरले. मग मी त्यांची वही मागितली. काकूंची वही मला फार आवडली. प्रत्येक घाण्याची वजनं ग्रॅममध्ये लिहिलेली. शेवटचा घाणा असा होता: पांढरा बेस ५०० ग्रॅम, शिया बटर २०, बदाम तेल १५, एरंडेल २०, सुगंध १५. म्हणजे एकूण ५७० ग्रॅममध्ये ५५ ग्रॅम तेल-बटर, जवळजवळ दहा टक्के. मेल्ट अँड पोअर म्हणजे तयार साबणाचा बेस वितळवून साच्यात ओतायची पद्धत. तिच्या बेसमध्ये मी एक टक्क्याच्या वर तेल जाऊ देत नाही.

एरंडेल फेस वाढवतं, हे काकूंनी ऐकलेलं खोटं नव्हतं. ते दुसऱ्या पद्धतीच्या साबणाबद्दल होतं. कास्टिक सोडा वापरून कोल्ड प्रोसेसने, म्हणजे तेलांपासून थेट, साबण करताना एरंडेलाचं साबणीकरण होतं. त्यातल्या रिसिनोलेइक आम्लाचा साबण तयार होतो आणि तो फेस टिकवायला मदत करतो. मेल्ट अँड पोअरचा बेस मात्र आधीच शिजून तयार असतो. त्यात तेलाशी अभिक्रिया करायला कास्टिक शिल्लक नसतं. ओतलेलं एरंडेल शेवटपर्यंत एरंडेलच राहतं आणि मोकळं तेल हा फेसाचा वैरी आहे. बुडबुडा म्हणजे साबण-पाण्याचा पातळ पडदा. तेलाचा बारीक थेंब त्या पडद्यापाशी आला की तो पसरतो, पसरताना शेजारचं पाणी ओढून नेतो, पडदा तिथे झिजतो आणि फुटतो. कारखान्यांत नको असलेला फेस मारायला तेलं आणि सिलिकोन वापरतात, ती याच गुणामुळे.

इथे मला ॲग्नेस पॉकेल्स यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या या बाई. विद्यापीठाचं शिक्षण त्यांना मिळालं नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर तेलकटपणाचा काय परिणाम होतो, हे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात स्वतः बनवलेल्या उपकरणाने मोजलं. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना लिहिलेलं त्यांचं पत्र ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात १८९१ साली छापून आलं. काकूंच्या टेबलावरचा प्रश्न त्याच घराण्यातला होता, म्हणून मी वर्गाला हे मुद्दाम सांगितलं. घरच्या भांड्यांतही शास्त्र नीट करता येतं.

पण सांगून पटत नाही, दिसावं लागतं. काकूंच्या वडीचे ५ ग्रॅम किसून ५०० मिलिलिटर कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवले. तसेच काही न घातलेल्या त्याच बेसचे ५ ग्रॅम. दोन्हींतलं प्रत्येकी ५० मिलिलिटर पाणी झाकणाच्या मोजपात्रात घेतलं आणि दोन्ही पात्रं एकाच वेगाने दहादा उलटसुलट केली. कोऱ्या बेसचा फेस पांढरा, दाट, झाकणापर्यंत. पाच मिनिटांनी बघितलं तरी बराचसा जागेवर. काकूंच्या पात्रात मोठमोठ्या बुडबुड्यांचा एक थर आला आणि आम्ही बघत असतानाच खाली बसला. काकू वाकून दोन्ही पात्रांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे मीच घालत होते ते फेस खात होतं.’’

त्यांचा हेतू मला समजत होता. घरात वयस्कर माणसाची त्वचा कोरडी पडलेली, म्हणून तेल. बेसमध्ये ग्लिसरीन आधीच भरपूर असतं. वर तेल लावायचंच असेल तर आंघोळीनंतर ओलसर अंगाला लावावं. साबणात घातलेलं बरंचसं तेल पाण्याबरोबर मोरीत जातं, हे मी त्यांना स्पष्टच सांगितलं.

आता पुढचा प्रश्न. काकू घरी याच वड्या नळाच्या पाण्यात वापरणार होत्या. म्हणून तीच चाचणी त्यांनी बाटलीत भरून आणलेल्या घरच्या पाण्यात केली. कोऱ्या बेसचाही फेस निम्म्याने उतरला आणि पाण्यात पांढरे कण तरंगू लागले. पाणी दुष्फेन. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडून न विरघळणारा चोथा करतं. बादलीच्या कडेला बसणारी पांढरट रेघ तीच. आधी तेवढा साबण वाया जातो, फेस उरलेल्यातून यायचा.

बेसच्या पाकिटावरचे घटक वाचले: सोडियम स्टिअरेट, सोडियम लॉरेट, प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल. स्टिअरेट वडीला घट्ट करतं, पण थंड पाण्यात फारसं विरघळत नाही. भुरभुरीत फेस देणारं ते लॉरेट, खोबरेलाच्या लॉरिक आम्लाचं. बेस विकत घेताना हे लॉरेट यादीत किती वर आहे ते बघावं, रंगापेक्षा ते महत्त्वाचं. काही बेसमध्ये सोडियम लॉरेथ सल्फेट घातलेलं असतं. नाव सारखं वाटलं तरी तो साबण नव्हे, तो डिटर्जंट. दुष्फेन पाण्यात तो डगमगत नाही. कुणाला तो नको असतो, कुणाला चालतो. काकूंना नको होता.

वर्गातल्या एका मुलीने विचारलं, ‘‘मग पाणी मऊ करायला लिंबूसत्व घालायचं का बेसमध्ये?’’ प्रश्न चांगला होता आणि उत्तर दाखवण्यासारखं. वितळलेल्या पारदर्शक बेसच्या छोट्या वाटीत सायट्रिक आम्लाचं, म्हणजे लिंबूसत्वाचंच, पाणी थेंबभर टाकलं. जिथे थेंब पडला तिथे दुधाळ गाठ आली. आम्ल साबण फोडतं आणि त्यातलं मेदाम्ल मोकळं करतं. पुन्हा तेलकटपणा, पुन्हा फेस कमी. आम्लाऐवजी सोडियम सायट्रेट चालतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि साबणाला हात लावत नाही. एक टक्क्याच्या आसपास, थोड्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मगच घालायचं. पारदर्शक बेस त्याने किंचित धूसर होऊ शकतो. काकूंचा बेस पांढराच होता.

काकूंचा सगळ्यात मोठा घोर मात्र त्या डबाभर वड्यांचा होता. टाकून द्यायच्या का? अजिबात नाही. हा बेस पुन्हा वितळतो, हीच त्याची खुबी. एक भाग काकूंची वडी आणि नऊ भाग कोरा बेस घेतला की तेल दहा टक्क्यांवरून एक टक्क्यावर येतं. सुगंधही तितकाच पातळ होतो. तो थोडा वाढवला, पण हात राखून, कारण सुगंधी तेलंही फेस दाबतात.

डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात, झाकण ठेवून तुकडे वितळवले, ६० अंशांच्या जवळपास. उकळी येऊ दिली की पाणी उडतं, बेस चिवट होतो आणि वडी पाण्यात नीट विरघळेनाशी होते. फेस तिथेही मार खातो. पूर्ण वितळल्यावर सायट्रेट घातलं. मग घाण्याचे दोन भाग केले. एकात काही नाही, दुसऱ्यात द्रव कोको बेटाइन तीन टक्के. हे खोबऱ्यापासून बनणारं सौम्य फेसकारक. बाजारी द्रवात ते साधारण तीस टक्के असतं, बाकी बहुतेक पाणी. म्हणून फार ओतलं तर वडी मऊ पडते. चमचा भांड्याच्या तळाला टेकवून हळू फिरवायचा, नाहीतर फेस भांड्यातच येतो. साखरेबद्दलही विचारणा झाली. साखरेच्या पाण्याने साबण जास्त विरघळतो हे खरं, पण या बेसमध्ये सॉर्बिटॉल तेच काम आधीच करत होतं. माझ्या मते तिथे साखरेने चिकटपणाच वाढतो.

छोट्या साच्यांत ओतल्यामुळे दुपारनंतर वड्या निघाल्या. बाटलीत उरलेलं घरचं पाणी काकूंनी स्वतः हातावर घेतलं. पहिल्या भागाच्या वडीला व्यवस्थित फेस आला, साधा, मोकळा. दुसरीचा बारीक दाण्याचा, सायीसारखा दाट. मनगट उलटं केलं तरी ओघळेना. काकू तो फेस कोपरापर्यंत चढवत गेल्या आणि मोठ्याने हसल्या. मग हात धुऊन वही उघडली आणि तेलांच्या तिन्ही ओळींवर काट मारली. तळाशी नवी ओळ लिहिली: जुनी वडी ५० ग्रॅम, बेस ४५० ग्रॅम, सायट्रेट ५, बेटाइन १५. वड्या गार होताच प्लॅस्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळायच्या, हेही लिहायला लावलं. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, वडीला घाम येतो तो त्यानेच.

‘‘आणि एरंडेलाची अख्खी बाटली उरलीय, तिचं काय करू?’’ त्यांनी जाता जाता विचारलं. ती जपून ठेवा म्हटलं. कास्टिकच्या वर्गात एकूण तेलांच्या पाच-सहा टक्के एरंडेल लागतंच, हातमोजे आणि चष्मा मात्र आणायचा.