साडी आली, परकर राहिला

2025च्या सप्टेंबरात सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला पूर आला तेव्हा मी एका आमदारांच्या कार्यालयात होते. हुद्दा स्वीय सहायकाचा, पण खरं काम प्रश्न लिहिण्याचं. विधानसभेत 'हे खरे आहे काय' म्हणून जे विचारलं जातं, त्यातलं बरंचसं आमच्यासारख्यांनी टेबलावर बसून लिहिलेलं असतं.

त्या आठवड्यात लांबोटीला सीनेचं पाणी चढून सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला होता. नुकतीच घटस्थापना झाली होती. नदीकाठची माणसं शाळांतून, मंगल कार्यालयांतून येऊन राहिली होती. अशाच एका शाळेत साहेबांबरोबर गेले. गावाचं नाव लिहीत नाही.

आमच्या टेम्पोत किट होती: तांदूळ, डाळ, तेल, चादर, साडी. वाटप सुरू झालं, फोटो सुरू झाले. एका वयस्कर मावशींनी साडी उलगडून बघितली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "साडी झ्याक हाय की ओ साहेब. पण नेसायची कशावर?"

बायका हसल्या. पुरुषांना आधी कळलंच नाही. अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या बायकांना आम्ही साड्या दिल्या होत्या. परकर नाही, झंपर नाही, आतले कपडे नाहीत. साहेबांच्या लक्षात आलं. ते मला म्हणाले, "तुम्ही आत बसून बोला जरा, आम्ही व्हरांड्यात थांबतो."

दार लोटल्यावर बायका बोलायला लागल्या. शाळेत वापरण्याजोगी दोनच शौचालयं, त्यातल्या एकाला कडी नाही, आणि तिथवर अंधारातून चिखल तुडवत जायचं. म्हणून दिवस कलला की बायका पाणीच पीत नव्हत्या. एका बाळंतिणीचा दीर पाजायच्या वेळी दाराकडे पाठ करून उभा राहायचा, तेवढाच तिला आडोसा. पाळी आलेल्या मुलींनी शाळेतल्या पडद्याचं कापड फाडून घेतलं होतं, आणि त्याचं त्यांना अपराध्यासारखं वाटत होतं. पडदा भरून देऊ म्हणाल्या!

जेवणाची आणखीच गंमत. डाळ-खिचडीची पातेली वेळेवर येत होती, गावाबाहेरच्या तरुण मंडळांनी खरंच जीव तोडून काम केलं. पण निम्म्या बायकांचे नऊ दिवसांचे उपास. "घट वाहून गेला म्हणून उपास मोडायचा होय?" असं एक जण म्हणाली, त्यावर मला काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचे लाडू आणि केळी पाठवली. असलं काही कायद्यात लिहून चालणार नाही, ते तिथल्या एखाद्या बाईला विचारूनच कळणार.

बाकीचं मात्र लिहिलेलं आहे. 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम 12 मदतीचे किमान निकष ठरवायला सांगतं: निवारा, अन्न, पाणी, आरोग्य, स्वच्छता, शिवाय विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद. त्यावरून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं 2016 मध्ये निकष काढले. 30 माणसांमागे एक शौचालय, बायकांसाठी वेगळं, निवाऱ्यापासून 50 मीटरच्या आत, आणि सॅनिटरी नॅपकिनचं किट. शाळेत आलेल्या एकाही कर्मचाऱ्यानं हा कागद पाहिलेला नव्हता. मला त्यांचा राग आला नाही. तीन दिवस झोपले नव्हते ते, आणि हा कागद गावापर्यंत कोणी पोचवायचा, हेच कुणी ठरवलेलं नव्हतं.

ते कुणी ठरवायचं? जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे निवडून आलेले अध्यक्ष, असं कायदा म्हणतो. सोलापूर जिल्हा परिषदेत तेव्हा मार्च 2022 पासून प्रशासक होता. म्हणजे 50 टक्के आरक्षणातून ज्या बाया सदस्य म्हणून निवडून आल्या असत्या, त्या पुराच्या वेळी सभागृहात नव्हत्याच. 2024 मध्ये लोकसभेवर 543 पैकी 74 महिला निवडून आल्याची चर्चा आपण करतो, करायलाच हवी. पण पुरात कडी नसलेल्या संडासाचा प्रश्न लोकसभेपर्यंत जातो कधी? तो जिल्हा परिषदेच्या गटातून निवडून आलेल्या बाईनं बैठकीत मांडायचा असतो. शेजारी किल्लारीच्या 1993च्या भूकंपानंतर पुनर्वसनात गावोगावच्या महिला मंडळांना संवाद सहायक, म्हणजे गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा, म्हणून नेमलं होतं. हे इतक्या जवळ घडलं, तरी आमच्या जिल्ह्यात ते कुणाला आठवेना.

दुपारी पंचनामे सुरू झाले. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यादी घेऊन बसले. एक बाई शिलाई मशीनची नोंद करा म्हणून मागे लागली. नवरा गेलेला, जमीन दिराच्या नावावर, बचत गटाच्या कर्जातून घेतलेलं मशीन चिखलात. तलाठी भला माणूस, पण त्याच्या कागदावर मशीनला जागा नव्हती. शेळी मेली तर तेव्हा 4,000 मिळायचे, दुभती गाय गेली तर 37,500. हातमाग-हस्तकलेच्या कारागिराला हत्यारांसाठी 5,000 असायचे. शिलाई त्यात बसते का, यावर आमचा बराच वेळ खल झाला. सोलापुरात माग, विड्या आणि शिलाईवर किती बायकांची चूल पेटते हे तलाठ्याला सांगायची गरज नव्हती, त्याची आईच विड्या वळायची. शेवटी त्यानं शेऱ्याच्या रकान्यात 'शिलाई मशीन एक, पूर्ण निकामी' असं लिहिलं. पैसे मिळतीलच असं नाही, पण कागदावर आलं.

हिवाळी अधिवेशनासाठी मी प्रश्न लिहायला घेतला. भाग एक, निवारा केंद्रांत महिलांसाठी पुरेशी शौचालये नव्हती, हे खरे आहे काय. भाग दोन, असल्यास, 2016च्या निकषांची प्रत गावपातळीवर देण्यात आली आहे काय. भाग तीन शिलाई मशीनसारख्या, बाईच्या स्वतःच्या साधनांचा. साहेबांनी तो वाचून पेन उचललं. "हे भरपाईचे निकष केंद्राचे. उत्तर येईल, प्रश्न उद्भवत नाही." मी म्हटलं, राज्याला आपल्या तिजोरीतून वाढीव मदत देता येते आणि राज्य ती देतंही, मग हेच का नाही? त्यांनी जरा विचार केला आणि तिसऱ्या भागात 'राज्य निधीतून' हे दोन शब्द घातले. किटसाठी मात्र अधिवेशनाची वाट बघायची गरज नव्हती. पुढचा टेम्पो भरायच्या आधी त्यांनी मला यादी करायला सांगितली. परकर मापांसकट लिहिले, नॅपकिन लिहिले, खाली बॅटरी आणि कडी-कोयंडे लिहिले. कडी-कोयंडे वाचून दुकानदारानं दोनदा फोन केला.